पुंजादादाचा मोडका उपग्रह

पुंजादादाची जीप भरल्याशिवाय दाभोशाहून हलायची नाही. शेवटच्या फेरीला माणसं जमेपर्यंत सूर्य मावळून अंधारू लागायचं. तेवढ्या वेळात तो टपावर बसून दुर्बिणीने मोडके उपग्रह बघायचा.

हा नाद त्याला ठाण्यात बिगारी करताना लागला. तिथल्या एका वायरमनने दाखवलं होतं : धड उपग्रह एकसारखा चमकत जातो, मोडलेला गरगरतो, म्हणून लुकलुकतो. दादा ती लुकलुक मोबाइलवर मोजायचा आणि अशाच हौशी लोकांच्या गटाला कळवायचा. गरगर वाढली की मंदावली, ते त्यावरून समजतं.

एका उपग्रहावर त्याचा फार जीव. कशाची तरी धडक बसून त्याचा पंख तुटलेला.

"मोडला, पण फेरी चुकवत नाही," दादा म्हणायचा.

त्या संध्याकाळी मी त्याच्या शेजारी होतो. भात झोडून झालं होतं. आभाळ स्वच्छ.

खालून सुकरीमावशी ओरडली, "पुंजा, गाडी काढतोस का वरच बिऱ्हाड करतोस?"

"तुझ्यासाठी जागा धरतोय, मावशी!"

माणसं हसली. दादाने दुर्बीण लावली. बऱ्याच वेळाने मांडीवर ठेवली.

"आजही आला नाही. पडला बहुतेक."

मला तो दिसत होता. नुसत्या डोळ्यांनी. लुकलुकत डोक्यावर येत होता.

"दादा, तो काय."

"कुठं?"

मी बोट दाखवलं.

"थट्टा नको करू, दिप्या."

"आता चमकला. बघ, पुन्हा."

त्याने पुन्हा दुर्बीण लावली आणि खाली ठेवली. गेल्या आठवड्यात अंधारात त्याने वळणावरचा कठडा घासला होता. डुलकी लागली, म्हणाला होता.

"रस्ता दिसतो ना?" मी विचारलं.

"दिवसा दिसतो."

दादाचं घर त्या जीपवर चालायचं. त्यातही या शेवटच्या फेरीवर. खाली गाडी भरली होती. मावशीच्या मांडीवर नात झोपली होती. पुढे जव्हारपर्यंत वळणंच वळणं.

दादा पायाने चाक चाचपत उतरला. किल्ली माझ्या हातात दिली.

"मला चालवता येत नाही, दादा."

"दुसऱ्या जीपवरच्या मधूला फोन लाव. त्याला म्हण, ही गाडी घेऊन जा."

"मधू कशाला?" मावशीने विचारलं. "तुला काय झालं?"

"डोळे गेले, मावशी."

मावशी खळखळून हसली. तिला ती नेहमीचीच थट्टा वाटली. मागचेही हसले. दादा बोनेटला टेकून उभा राहिला. मी मधूचा नंबर शोधू लागलो.