डाव्या हातात बसलेला दगड

शंकर गेल्याची बातमी कडेगावहून आलेल्या एस.टी.च्या कंडक्टरने मला दिली. विट्याच्या माझ्या सायकल दुकानात मी पंक्चर काढत होतो. "रसूलभाई, तुमचा फौजी गेला..." महिना होत आला, पण अजून कुणी पिशवी घेऊन दारात आलं की वाटतं, शंकरच.

एकाहत्तरच्या लढाईत सुरुंगाने त्याच्या उजव्या हाताची बोटं नेली. तो घरी आला तेव्हा ऊस त्याचे भाऊच बघत होते. त्याला खुरपंही धरू देईनात. "बस निवांत," म्हणायचे. त्या निवांतपणाला कंटाळून तो येरळेच्या कोरड्या पात्रात हिंडू लागला. जमीन न्याहाळत चालायची सवय फौजेतलीच. रंगीत गारगोट्या, धारेचे दगड घरी आणायचा. त्याची बायको, आमच्या इंदूवहिनी, वैतागायच्या, "आवं, जुंधळं ठिवायला जागा ऱ्हायली न्हाई!"

एका उन्हाळ्यात त्याने काळपट, बदामी आकाराचा दगड माझ्यापुढे ठेवला. कडेने टवके काढलेले.

"उजव्या हातात धर."

कड तळव्याला बोचली. डाव्यात घेतला, तर बोटं आपसूक जागेवर बसली.

"करणारा डावरा व्हता गड्या," तो म्हणाला. मग हळूच, "न्हाईतर... माझ्यासारखा."

आम्ही दोन पोती घेऊन सांगलीला एका कॉलेजच्या सरांकडे गेलो. सर एकेक दगड बघून बाजूला ठेवत होते. "हा नदीने फुटलेला... हाही नदीचाच." शंकरकडे बघायचा मला धीर होईना. शेवटी सरांनी तो काळा दगड उचलला आणि खिडकीपाशी नेला.

"हा मात्र माणसाने घडवलाय. हजारो वर्षांपूर्वी. डावखुऱ्याने की कसं, ते सांगता येणार नाही."

कॉलेजच्या कपाटासाठी त्यांनी तो मागितला. शंकरने तिथंच दिला.

परतताना मी चिडलो. "लगीच दिलास व्हय रं?"

"घरात मी एकटाच बघत बसलो असतो. तितं पोरं बघत्याल."

बाकीचे दगड मात्र त्याने पोत्यांतून परत आणले आणि सगळे सोप्यात रचले. सरांनी एक दगड ठेवून घेतल्याचं कळल्यावर भाऊ त्याला "बस" म्हणेनासे झाले. नांगराच्या फाळाला एखादा दगड लागला, की आधी त्याला हाक जायची.

परवा त्याच्या घरी गेलो. सोप्यातली रास तशीच होती. शेजाऱ्याने घराच्या पायात भरायला दगड मागितले होते, वहिनी सांगत होत्या.

"मग?"

"न्हाई म्हणलं, भावजी. घडीवलं आसंल नदीनं... पर येचलं ह्यांनी."