शेंदराखालचा गोळा

आज आमचे हे कल्याणच्या बाजारातून मारुतीसाठी शेंदूर घेऊन आले. त्यात तेल कालवलं आणि त्या वासासरशी माझं डोकं फिरलं. "आता काय झालं?" यांनी विचारलं.

दुगाडला मी नवी सून होते. तिथल्याच माळावर, माझ्या जन्माच्या कितीतरी आधी, पेशव्यांची फौज इंग्रजांशी लढता लढता हटली आणि पुढे सगळा मुलूखच त्यांचा झाला. शेताच्या बांधावर आमचा देव होता. त्याला रोज तेल-शेंदूर लावायचं काम माझ्याकडे असे. बोटांना तो गार, गुळगुळीत लागायचा.

एक दिवस दौऱ्यावरचा गोरा साहेब आला. त्याने चाकूने शेंदूर खरवडला, खाली लोखंड दिसलं, तसा तो हसला. त्याचा कारकून म्हणाला, "हा इंग्रजांच्या तोफेचा गोळा आहे. साहेब नेणार."

"ठाऊक आहे," मामंजी म्हणाले. "माझा आजा त्यानंच गेला. पुन्हा कुणावर उठू नये, म्हणून त्याला देव करून बसवलाय."

कारकुनाने ते साहेबाला सांगितलंसुद्धा नाही.

तेव्हा सगळा राग मी साहेबावर काढला. आता वाटतं, साहेब तर नेणारच होता. पण माझ्या तेलाने गोळा बुळबुळीत झाला होता, शिपायाच्या हातून दोनदा निसटला. तेव्हा कुणी न सांगता पुढे होऊन, आपल्या उपरण्याने पुसून ज्यांनी तो साहेबाच्या गाडीत नेऊन ठेवला, ते हेच. आणि वर मलाच विचारतात, आता काय झालं!