गच्चीवरचा उलटा काता

माझ्या मुलीला ग्रीन बेल्टच्या परीक्षेत जो काता करायचा होता, तो मी तिला उलटा शिकवला. हे आधीच सांगून टाकतो. काता म्हणजे कराटेतले ठोसे, ब्लॉक आणि वळणं, समोर कोणी नसताना ठरलेल्या क्रमाने करायची. कुठे वळायचं हे पक्कं असतं. एकदा चुकीच्या बाजूला वळलं की गुण जातात, जास्त वेळा वळलं की परीक्षाच जाते.

मुळात शिकवायची वेळ माझ्यावर यायलाच नको होती. प्रताप नगरच्या एका हॉलमध्ये आठवड्यातून तीनदा संध्याकाळी सहाला तिचा क्लास असतो. बायको संध्याकाळी शिकवण्या घेते, म्हणून ने-आण माझ्याकडे. मार्चमध्ये तिचे पाच क्लास बुडाले. घरी मी ऑफिसचं काम असल्याचं सांगितलं. तीनदा ते खरं होतं. उरलेल्या दोन संध्याकाळी मी धरमपेठेत मित्रांबरोबर चहा पीत उभा होतो, आणि सहा वाजून गेलेले मला दिसत होते. ती मात्र ड्रेस घालून, नारिंगी बेल्ट बांधून सोफ्यावर बसून होती, असं बायकोने नंतर सांगितलं. रागावून नाही, नुसतंच सांगितलं.

म्हणून मी भरपाई करायला निघालो. सरांनी काताचा व्हिडिओ क्लासच्या ग्रुपवर टाकला होता. रोज सकाळी साडेसहाला आम्ही गच्चीवर जायचो, पाण्याच्या टाकीला फोन टेकवायचो आणि शेजारी शेजारी उभे राहून सरांचं बघून करायचो. सर स्क्रीनच्या उजवीकडे सरकले की आम्हीही उजवीकडे. माझं पोट आड यायचं, गुडघा वाजायचा, ती हसायची. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या काकूंनी एकदा विचारलं, "भाऊ, परीक्षा तुमची आहे का पोरीची?" असे दोन आठवडे गेले. इतके दिवस सलग मी तिच्यासोबत याआधी कधीच नव्हतो.

परीक्षा रविवारी होती. गुरुवारी तिला सोडायला जरा लवकर पोचलो. एरवी सर पालकांना आत थांबू देत नाहीत, पण आधीची बॅच सुटायची होती आणि दार उघडं होतं. वीसेक मुलं माझ्याकडे पाठ करून तोच काता करत होती. सगळी डावीकडे वळली. आम्ही रोज उजवीकडे वळत होतो.

तिला आत पाठवून मी बाहेर गाडीवर बसलो आणि ग्रुप उघडला. व्हिडिओखाली सरांनी लिहिलं होतं: समोरून घेतला आहे, डावी-उजवी बाजू लक्षात घेऊन करावे. त्या मेसेजला मी अंगठा दिला होता. वाचला नव्हता.

त्या संध्याकाळी मी तिला काही बोललो नाही. शुक्रवारी सकाळी गच्चीवर तिने तसंच उलटं केलं आणि मी "छान" म्हणालो. शनिवारीही म्हणालो. आता बदलायला सांगितलं तर ती गोंधळेल, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो. खरं कारण एवढंच की ज्या एका गोष्टीत मी बरा बाप ठरत होतो तीच चुकली, हे मला तिच्यासमोर बोलवत नव्हतं. दुपारी बायकोला सांगितलं. तिने तपासायच्या वह्या बाजूला ठेवल्या. "मी नाही सांगणार," ती म्हणाली. "तुम्हीच सांगा तिले. आत्ता."

मुलगी आत ड्रेसला इस्त्री करत होती. मी दारात उभा राहूनच सगळं बोलून टाकलं, चहाच्या दोन संध्याकाळींसकट. तिने इस्त्री उभी करून ठेवली.

"मले माहीत आहे बाबा. पहिल्याच दिवशी सरांनी पकडलं."

"मग घरी काहून उलटं करून राहिली होती?"

"तुम्ही तसंच करत होते नं. टोकलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी आलेच नसते." मग इस्त्री परत उचलत म्हणाली, "चहाचं नव्हतं माहीत."

तिचं खरं होतं, मी गेलो नसतो. पण आता वेगळीच काळजी लागली. सकाळी एका बाजूने आणि संध्याकाळी दुसऱ्या बाजूने केल्यावर ऐन परीक्षेत तिचे पाय कुणाचं ऐकतील?

परीक्षेच्या दिवशी पालकांना भिंतीशी बसू दिलं होतं. तिसऱ्या वळणावर तिचा पाय मी शिकवलेल्या बाजूला गेला. मला दिसलं, सरांनाही दिसलं. ती थांबली, हात वर केला आणि पुन्हा पहिल्यापासून करू का, असं विचारलं. सरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि होकाराची मान हलवली. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. दुसऱ्यांदा ती सगळी वळणं बरोबर वळली.

तासाभराने निकाल सांगितला. पास, पण कातामध्ये दोन गुण कमी. ते दोन गुण माझ्यामुळे गेले, असं मी तिला गाडीजवळ म्हणालो. "हो, तुमच्यामुळेच," ती म्हणाली, आणि हिरवा बेल्ट पिशवीतून काढून परत एकदा पाहिला. मग मागे बसता बसता मला सांगितलं की उद्यापासून पुढचा काता, मोबाईल आणायचा नाही, आणि मी तिच्या मागे उभं राहायचं.

सोमवारी सकाळी मी तिच्या मागे उभा राहिलो. काताच्या चौथ्या हालचालीच्या पुढे काही मला जाता आलं नाही. ती मान वळवून बघायची, माझा पाय सरळ करायला लावायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. काकूंचे सगळे कपडे वाळत घालून झाले तरी आमचं चालूच होतं.