मिश्री, तारा आणि आमच्या वन्सं

लेकीच्या दातांना तारा बसवून आम्ही नारायणगावाहून निमगाव सावाला परतलो, तर अर्धी गल्ली ओट्यावर हजर! "दाखव की गं, आ कर!" ट्रॅक्टर दुरुस्त करणारा चुलतदीर तर बॅटरी लावून आत डोकावला. "वहिनी, वायरिंग लई भारी झालंय!" मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

बारा वर्षांच्या पोरीनं जे तोंड मिटलं ते मिटलंच. ब्रशही दाराआड, नुसता फिरवल्यासारखा. महिन्याभरात हिरड्या लालभडक सुजल्या, थुंकीत रक्त. डॉक्टरबाई म्हणाल्या, पंधरा दिवसांत हिरड्या सुधारल्या नाहीत तर तारा काढाव्या लागतील, दात असेच एकावर एक राहतील. घरी येईपर्यंत पोर रडत होती.

त्यावर तिच्या आत्यानं, म्हणजे आमच्याकडेच राहणाऱ्या माझ्या थोरल्या वन्संनी काय करावं? मी गोठ्यात असताना पोरीच्या हिरड्यांना मिश्री चोळली! भाजलेल्या तंबाखूची पूड! पोरीला गरगरलं आणि ती उंबऱ्यातच ओकली. मी अशी कडाडले की गाईनं पान्हा चोरला.

"मला वाटलं, बरं वाटंल," वन्सं पुटपुटल्या. "मी तर लहानपणापासनं हेच लावते."

पोरीनं तोंड पुसलं. "आत्या, तू आ कर."

वन्सं कसल्या ऐकतायत! पण पोर हटेना. शेवटी त्यांनी तोंड उघडलं. पुढं तीन दात, तेही हलणारे. पोरीनं कपाटातला नवा ब्रश आणून त्यांच्या हातात दिला.

मग काय विचारता राव! रोज सकाळी नळावर दोघींचा धिंगाणा. आत्यानं मिश्री सोडायची, पोरीनं तारेच्या फटीफटीतून ब्रश फिरवायचा आणि एकमेकींचं तोंड तपासायचं. फेस माझ्या साडीवर! चुलतदीर दिसला की दोघी फेसाळलेला आ करून त्याच्या अंगावर धावायच्या. मी हसून हसून खाली बसायची.

पंधराव्या दिवशी वन्संही आमच्याबरोबर आल्या. डॉक्टरबाईंनी पोरीची हिरडी दाबून पाहिली. रक्त नाही. "राहू देत तारा."

पोरीनं खुर्चीतून उडीच मारली आणि आत्याला ओढून तिथं बसवलं. "आता हिचं बघा!"

डॉक्टरबाईंनी विचारलं, "मावशी, दुखतं का?"

"लई वर्षं झाली," वन्सं म्हणाल्या. "पण कुणी इचारलंच न्हाई."