अर्थपूर्ण पाटी

समोरच्या हार्डवेअरच्या दुकानाची पाटी आज नव्याने रंगवली जात होती. ‘सावंत आणि गोडबोले’. पेंटर शिडीवरून म्हणाला, “शेठ, गोडबोले तर वारले ना?” सावंत खालून ओरडले, “वारले म्हणून नाव पुसतोस काय रे? दुकान दोघांचं आहे!”

मी खिडकीतून बघत राहिलो. कारखान्यांना सल्ला देणारं हे ऑफिस माझा मित्र वसंता आणि मी मिळून काढलं, तेव्हा तोही म्हणाला होता, “आपली दोघांची आडनावं टाकू.” मी म्हटलं, “अरे, सल्लागार आपण. खिळे विकायचेत का?” आणि संस्कृत कोश पालथा घालून ‘अन्वीक्षा’ शोधलं. ते कुणाला धड म्हणताच येईना. लोक आपले ‘त्या दोघांचं ऑफिस’ म्हणत. वसंता पोट धरून हसायचा.

गेल्या वर्षी तो गेला. अर्थ जपायला कोश असतातच; माणसाचं नाव मात्र कुठेतरी लिहून ठेवावं लागतं.

दुपारी पेंटर वर आला. “साहेब, तुमचीही पाटी रंगवू का? पण हे नाव कुणाचं?”

सूक्ष्म विचार, शोध वगैरे सगळा अर्थ मला पाठ आहे. पण तोंडातून निघालं, “कुणाचंच नाही.”