विमानाचा गोंद

आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिला माणूस मी. बी.एस्सी., तेही फिजिक्स घेऊन. हे मी आजही कुणी न विचारता सांगतो. माझे वडील, अप्पा, महाराष्ट्रातून काशीला येणाऱ्या यजमानांची श्राद्धं आणि अस्थिविसर्जनं करत. आजोबाही तेच करत. मी इंटर कॉलेजात शिकवायला लागलो आणि नव्वदीच्या त्या वर्षांत, सुट्टीच्या दिवशी, विमान बांधायला लागलो.

जोडीला रेल्वेच्या कारखान्यातला एक ड्राफ्ट्समन मित्र होता, नागपूरकडचा. लाकडाचं काम त्यानं करायचं, गणित आणि सरकारी पत्रव्यवहार मी. एका माणसापुरतं, लाकडी सांगाड्याचं, वरून कापड चढवलेलं विमान. बालाजी घाटाजवळच्या आमच्या गल्लीत समोरून सांड आला तर माणसाला दुसऱ्याच्या ओट्यावर चढावं लागतं. तिथून पंख काय निघणार? म्हणून सारनाथच्या रस्त्याला एका विणकराची रिकामी शेड भाड्यानं घेतली होती.

पहिल्यापासून माल वेळेवर आला नाही. प्लायवूड कलकत्त्याच्या गोदामात पावसाळाभर पडून राहिलं आणि एक कोपरा पावासारखा फुगून आलं. तिथल्या एजंटला फोन लावला की तो म्हणे, "माल निकल चुका है." कुठून निघाला आणि कुठे गेला, ते कधी सांगत नसे. मग बोल्टची पिशवी आली. पिशवी मूळची तपकिरी दोऱ्यानं शिवलेली, पण तोंडाशी टाके पांढऱ्या दोऱ्याचे. कुणीतरी उसवून परत शिवली होती. आतले बोल्ट कमी होते.

"पाठवणाऱ्यानंच कमी घातले असतील," मित्र म्हणाला. "मी कारखान्यातून आणतो ना. तुम्ही काऊन डोकं तापवता मास्तर?"

त्याचा हा तयारपणा मला खटकला. पार्सल ऑफिसातून माल सोडवून आणणारा तोच. शेडची किल्ली त्याच्याकडेही. बोल्ट कमी निघाल्यावर ज्याला राग येत नाही, त्याला ते कुठे गेले हे माहीत असणार, असं माझं साधं गणित होतं.

आता फक्त गोंद यायचा होता. पत्र्याच्या डब्यात पांढरट पूड असते, पाण्यात कालवायची. एकदा सुकली की लाकूड मोडेल पण सांधा सुटणार नाही. तसा गोंद आपल्याकडे मिळत नव्हता. आणि घाई होती, कारण मित्राची बदली झाली होती. उन्हाळा संपला की तो जाणार. त्याच्या हाताशिवाय पंख जुळणं शक्य नव्हतं. गोंद आधी आला तर विमान, नाही तर विणकराच्या शेडमध्ये फळ्यांचा ढीग.

गोंद परदेशातून पोस्टानं येणार होता. शेडचा पत्ता मी दिला नाही. अप्पांचं नाव घातलं आणि घरचा पत्ता. आमच्या पोस्टमनला अप्पा ठाऊक होते, आणि मधे कुणाचा हात लागणार नव्हता. अप्पांना मात्र मुद्दामच काही सांगितलं नाही. त्यांना विमान पसंत नव्हतं. आधी कळलं तर पार्सल परत पाठवतील, अशी मला शंका होती.

वैशाख सरला. एजंट म्हणाला, कस्टमनं पांढरी पूड पाहून अडवली होती, पण आता सुटली, बनारसला गेलीसुद्धा. पोस्टमनला गाठलं. तो म्हणाला, "आपके घर कब का दे दिया, गुरू." अप्पांना विचारायची सोय नव्हती, म्हणून मी गुपचूप घरातली फडताळं पालथी घातली. काही नाही. पोस्टमन खोटं बोलतोय हे मला चेहऱ्यावरून दिसत होतं. आणि पोस्टमनला फूस लावणारा कोण, हेही दिसायला लागलं.

शेडमध्ये गेलो तेव्हा मित्र पंखाच्या फासळ्या कानशीनं घासत होता.

"डबा कुठाय?" मी विचारलं.

"कोणता?"

"घरी आलेला. पोस्टमनकडून तू घेतलास."

त्यानं कानस खाली ठेवली, हात पुसले. "मास्तर, मला चोर म्हनता का?"

"विचारतोय."

"विचारा मंग भिंतीले," म्हणाला, आणि किल्ली कडीला अडकवून निघून गेला.

दोन-चार दिवसांनी संध्याकाळी मी घाटावर उभा होतो. आमच्या ओळखीचा मल्लाह नावेत साचलेलं पाणी उपसत होता. हातात पत्र्याचा डबा. त्यावर निळी इंग्रजी अक्षरं. मी पायऱ्या उतरून नावेतच गेलो.

"ये डब्बा कहाँ से उठाया?"

"उठावल ना है, भइया. पंडितजी देहलन. नीमन डब्बा रहल."

पंडितजी म्हणजे अप्पा. त्यांनीच त्याला दिला होता, चांगला डबा म्हणून. मी डबा घेऊन घरी आलो. ते संध्या आटोपून बसले होते. डबा पाहून म्हणाले, "तो कशाला आणलास घरात? विटाळ आहे तो. अस्थींचा आहे."

"कुणाच्या अस्थींचा?"

"परदेशातल्या कुणा यजमानाच्या. त्यांची पोरं हल्ली पोस्टानंच पाठवतात. माझ्या नावानं आला होता."

"आत कागद असेल ना, अप्पा."

"होता, इंग्रजीत. तुला वाचायला दिला की तोंड वाकडं करतोस. दिला सोडून गंगेत."

"अप्पा, ती अस्थी होती का? नुसती पूड होती."

"तिकडे यंत्रात जाळतात, म्हटलं पूडच उरत असेल." मग म्हणाले, "पण जीव अडकलेला होता हं. पाण्यात सोडलं तर विरघळेना, गोळा झाला. बोटांना धरून बसला, सुटेचना. मी वरून आणखी तिलांजली दिली. तरी दोन दिवस नखांत होता."

मी दुसऱ्या दिवशी मित्राच्या क्वार्टरवर गेलो. त्यानं सगळं ऐकलं, डबा फिरवून पाहिला आणि माझ्या हातात परत दिला. "गोष्ट चांगली रचली. कॉलेजात शिकवता का हे?"

त्याचा विश्वास बसेना, आणि त्याच्या जागी मी असतो तर माझाही बसला नसता. शेवटी अप्पांनाच रिक्षात घालून शेडवर नेलं, मित्रालाही बोलावलं. अप्पांनी पंखाचा सांगाडा एकदा पाहिला, हात लावला नाही. मग बोटांना धरून बसलेल्या जिवाची हकिकत जशीच्या तशी सांगितली.

मित्रानं अप्पांच्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाला, "काका, नाव ना गाव. संकल्पात गोत्र कोनतं घेतलं?"

"गोत्र माहीत नसलं की कश्यप," अप्पा म्हणाले. "शास्त्रच आहे तसं."

मित्र खाली बसला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "हे मास्तरले रचता येनार नाही," म्हणाला.

दुसरा डबा मागवला, तो विमानटपालानं, मित्राच्या क्वार्टरच्या पत्त्यावर. मीच तसं सुचवलं. तरी कॉलेज सुटल्यावर सायकल त्याच्या दारावरून नेत असे, आलाय का बघायला. तो खिडकीतून नुसता हात हलवून नाही म्हणे. आला त्या दिवशी त्यानं सील तसंच ठेवलं आणि माझ्यासमोर फोडलं. बदलीची तारीख त्यानं रजा टाकून पुढे ढकलली. तो गाडीत बसला तेव्हा दोन्ही पंख जुळून सुकले होते.

त्यानंतर दिवाळीच्या सुमारास मी कॉलेजातून घरी आलो, तर ओट्यावर परदेशी तिकिटं लावलेलं पार्सल होतं. अप्पा त्याच्यापासून हातभर लांब, सोवळं नेसून बसलेले. सकाळपासून तसेच बसले होते, आई म्हणाली. पार्सलला हात लावू देत नव्हते.

"आधी वाच," अप्पा म्हणाले. "माणूस आहे की विमान?"