दाऊदचाचांच्या टाकीतले किडे

"परवापेक्षा वाढलेत," दाऊदचाचा म्हणाले.

मी काचेला नाक लावून बघत होते. खरंच वाढले होते. तांबूस, चपटे, तिळाएवढे किडे, फ्लॅटवर्म. कोरलवर, म्हणजे टाकीतल्या जिवंत प्रवाळांवर, असे पसरले होते की खालचा हिरवा रंग दिसेना. ते कोरलला चावत नाहीत, पण उजेड अडवतात, आणि उजेड मिळाला नाही की कोरल मरतं.

अलिबागहून मुरूड, स्कूटरवर दीड तास. महिन्यातली ही चौथी फेरी. खाऱ्या पाण्याच्या टाक्यांचा मेंटेनन्स हे माझं काम, आणि खरं सांगायचं तर मी कंटाळले होते.

औषध होतं. पण इतके किडे एकदम मेले की त्यांच्यातून विष सुटतं आणि तीन फुटी टाकीत मासेही जातात. म्हणून पंधरा दिवसांपूर्वी मी किडे खाणारा एक छोटा मासा सोडला होता, सिक्स लाइन रॅस. तो आता गुबगुबीत झाला होता. किड्यांकडे ढुंकूनही बघत नव्हता.

"याला काय घालता?"

"कोलंबी. बारीक चिरून," चाची स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "नवीन आलाय घरात. उपाशी कसा ठेवायचा?"

"दिवसातून किती वेळा?"

"पाच," चाचा म्हणाले.

माझा पारा चढला. "पोट भरलेला मासा किडे कशाला शोधेल? आणि उरलेलं कुजतं, त्यावर हे वाढतात. आता दोन दिवसांतून एकदा, चिमूटभर. बास."

चाचा उजवा हात मांडीवर घेऊन बसले. चाचींनी मला आत बोलावलं.

"कुवेतवरनं आले नि सहा महिन्यांत लकव्याचा झटका आला. डॉक्टर बोलले, बोटं चालवा. बॉल दिला, तो फेकून दिला. माशांना तेवढं चिमटीनं घालतात. दिवसभरात तेवढाच काम हाय त्यांना. तोच तू बंद केलास."

मला फार वाईट वाटलं. चार फेऱ्यांत मी पाणी तपासलं होतं, मीठ तपासलं होतं. त्यांच्या हाताबद्दल कधी विचारलंच नव्हतं.

बाहेर येऊन मी पातळ नळी काढली. पाण्याने भरून एक टोक टाकीत, दुसरं खाली बादलीत सोडलं.

"चाचा, लाइट लागला की किडे उजेडाला येतात. नळी त्यांच्यावर धरायची, ओढले जातात. चिमटीत दाबली की पाणी थांबतं, सोडली की चालू. रोज अर्धी बादली. उजव्या हातानं."

"हात थरथरतो, बेटा."

"थरथरू दे. किडे कुठे पळून जातायत?"

काढलेल्याच्या जागी टाकीत भरायचं पाणी चाचींनी खास मीठ घालून तयार करायचं ठरलं. घरामागे दर्या आणि मीठ विकतचं, यावर त्या अजून कुरकुरतात. पण तिथलं पाणी गढूळ असतं.

पहिला आठवडा निम्मं पाणी फरशीवर गेलं. त्यात एक कोरल मेलं. मग रॅस जरा रोडावला आणि टाकीतल्या दगडांवरचे किडे टिपायला लागला. दोन महिन्यांनी हिरवा रंग पुन्हा दिसू लागला. चाचांना शर्टाचं बटण अजून लावता येत नाही, पण नळी ते घट्ट दाबतात.

मागच्या फेरीत जेमतेम डझनभर किडे उरले होते. मी म्हटलं, "दुसरा रॅस आणलाय. हे उरलेलेही संपवू."

चाचांनी नळी सोडली नाही. "ऱ्हाऊ दे थोडे. समदे संपले, तर सकाळी उठून करू काय?"

रॅस मी परत घेऊन आले. आता नव्या टाकीकडे गेले की पाणी तपासण्याआधी विचारते, माशांना खायला कोण घालतं, आणि ते थांबवलं तर त्या माणसाने काय करायचं.